कॅमेरा कुणाचा, कॅसेट कुणाची

(नांदेडमध्ये तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना सुटलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना भरल्या आहेत.)

मला विषय दिलाय, 'अमेरिकेतल्या काळ्यांचे व्हिडिओ मंच आणि आपण'. विषय देणारानं मला विद्वान समजलेलं दिसतंय. मी लग्नाचा शूटिंगवाला. मंगलाष्टकं असली तरी कॅमेरा माझाच आणि त्रिसरण-पंचशील असलं तरी माझाच. तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकींचे रडण्याचे क्लोजअप घेतले. आता काही वर्षांपासून नांदेड-लातूरच्या आपल्या वस्त्यांवर एक लहानसा चॅनेल चालवतो. पुस्तकातलं थोडं, चटक्यातलं जास्त सांगतो.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. मी शाळकरी पोरगा होतो. लातूर जिल्हा तेव्हा नव्हताच, उस्मानाबादेतच मोडायचं. आपल्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. आमच्या वस्तीत ती बातमी पेपरातून नाही आली, एसटीतून उतरलेल्या माणसाच्या तोंडून आली. पेपर कुणाचे होते? औरंगाबादचं 'मराठवाडा' दैनिक तर नामांतराच्या विरोधात उभं होतं. घर आमचं जळत होतं आणि अग्रलेख आम्हालाच शहाणपण शिकवत होता.

म्हणून ज्याच्या हातात छापखाना, त्याच्या हातात खरं-खोटं. ही गोष्ट बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढताना ओळखली होती. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. आणि 'केसरी'नं 'मूकनायक'ची साधी जाहिरात छापायला नकार दिला, पैसे देऊ केले तरी! विचार करा, आमचा पैसासुद्धा त्यांना विटाळाचा होता. आज उलटं आहे. आज आमच्या व्हिडिओवर जाहिरात लावायला त्यांना विटाळ होत नाही. त्याकडं मी येणार आहे.

काळ्यांचं आणि आपलं नातं तुम्हाला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी १९४६ ला डू बॉईसना पत्र लिहिलं होतं. काळे लोक संयुक्त राष्ट्रांपुढं जे निवेदन नेत होते, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. १९६६ ला ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली, १९७२ ला मुंबईत दलित पँथर. नाव आपण उसनं घेतलं, त्याची लाज नाही. पण त्यांची अक्कल घेतली का, हे बघावं लागेल.

तर त्यांचं काय झालं ते ऐका. १९८० च्या जानेवारीत रॉबर्ट जॉन्सन नावाच्या काळ्या माणसानं बीईटी काढलं, ब्लॅक एन्टरटेन्मेंट टेलिव्हिजन. सुरुवातीला आठवड्याला फक्त दोन तास! काळ्यांसाठी काळ्या माणसाचं चॅनेल. वाढत वाढत २००० साली ते व्हायकॉम या बड्या कंपनीला विकायचा सौदा झाला, कर्ज धरून सुमारे तीनशे कोटी डॉलरला. जॉन्सन अब्जाधीश झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण चॅनेलवरच्या बातम्या आणि चर्चा एकेक करून बंद पडत गेल्या, आणि २००५ साली रोजचं रात्रीचं बातमीपत्रही बंद झालं. गाणी राहिली, नाच राहिला. बाजाराला आपला ठेका पाहिजे असतो, आपली तक्रार नको असते. डीजेवर भीमगीत वाजतं तेव्हा भाड्याचा डीजेवाला, पेंडॉलवाला, बॅनरवाला सगळे खूश असतात. जयंती संपल्यावर त्याच पोराला कुणी मारलं तर बातमीला कोण येतं?

त्याच जॉन्सनच्या कंपनीनं २०१४ साली इंटरनेटवर 'अर्बन मूव्ही चॅनेल' काढलं. २०१८ ला ती कंपनी एएमसी नेटवर्क्सकडं गेली आणि २०२१ ला मंचाचं नाव झालं 'ऑलब्लॅक'. पडद्यावर सगळे काळे, तिजोरीची किल्ली दुसरीकडं. बीईटीच्या नव्या मालकांनीही २०१९ ला 'बीईटी प्लस' काढलं, महिन्याची वर्गणी घेऊन. मी म्हणत नाही की हे सगळं वाईट. नट-नट्यांना काम मिळालं, लिहिणाऱ्यांना काम मिळालं, काळ्या पोरीला पडद्यावर आपल्यासारखी पोरगी दिसली. पोटाला लागतं ते मी जाणतो. पण 'आमच्यासाठी' आणि 'आमचं' यात फरक आहे, एवढं लक्षात घ्या.

दुसरी वाट बघा. डीशुना स्पेन्सर नावाच्या काळ्या पत्रकार बाईनं 'क्वेली टीव्ही' काढला. क्वेली म्हणजे स्वाहिलीत 'खरं'. मोठी कंपनी पाठीशी नाही. माहितीपट, छोटे सिनेमे, जगभरच्या काळ्यांचे. बघणारा वर्गणी देतो आणि ज्याचा सिनेमा जितकी मिनिटं पाहिला गेला त्या हिशोबानं करणाराला वाटा. आणि इसा रे बघा. २०११ साली यूट्यूबवर एका अवघडलेल्या काळ्या पोरीची मालिका तिनं सुरू केली, लोकांकडून वर्गणी काढून पुढं चालवली, २०१६ ला एचबीओनं तिला मोठी मालिका दिली.

आता आपल्याकडं या. नागपूरला लॉर्ड बुद्धा टीव्ही, आवाज इंडिया उभे राहिले. दक्षिणेत रविचंद्रन यांनी 'दलित कॅमेरा' सुरू केला, हातात साधा कॅमेरा घेऊन सभा, मोर्चे, मुलाखती यूट्यूबवर टाकल्या. मीना कोटवाल यांनी २०२१ साली 'द मूकनायक' काढलं, बाबासाहेबांचंच नाव घेऊन. आणि आपल्या मराठवाड्याच्या कडूबाई खरात! एकतारी घेऊन दारोदार गाणारी बाई. कुठल्या स्टुडिओनं तिला मोठं केलं? कुणीतरी मोबाईलवर शूट केलं, तुम्ही-आम्ही ते एकमेकांना पाठवलं आणि महाराष्ट्रभर तिचा आवाज गेला. २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि जे काम आधी वर्तमानपत्राच्या मालकाच्या मर्जीवर होतं ते पोराच्या खिशात आलं. पण विसरू नका, त्याच्या वर्षभर आधी, २०१५ ला शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं म्हणून आपल्या एका तरुणाचा जीव घेतला. खिशातला आवाजसुद्धा त्यांना सहन झाला नाही.

मोबाईलची ताकद काळ्यांनी दाखवली. २५ मे २०२०, मिनियापोलिस. जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा. पोलिसांनी पहिलं निवेदन काढलं त्यात भाषा होती तब्येत बिघडून माणूस गेल्याची. सतरा वर्षांच्या डार्नेला फ्रेझियर या पोरीनं सगळं मोबाईलवर घेतलं नसतं तर ते निवेदनच इतिहास झालं असतं. २०२१ साली तो पोलीस दोषी ठरला. ती पोरगी पत्रकार नव्हती. दुकानात चालली होती. थांबली, आणि हात हलू दिला नाही.

आणि मी? २५ नोव्हेंबर १९९३ ला याच नांदेडात गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. माझ्याकडं खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा होता. मी देगलूरकडं एका लग्नात होतो, नवरदेवाच्या मामाची पंगत शूट करत. मी इथं असतो तरी मला वेळेवर पोचता आलं नसतं, हे मी मनाला सांगत आलोय. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा मात्र होतो. गुलाल, नाचणाऱ्या बाया, रडणारे म्हातारे, सगळं घेतलं. ती कॅसेट आज माझ्याकडं आहे आणि तिला बुरशी लागलीय. पांढरी, रव्यासारखी. लावली की पडद्यावर नुसता पाऊस पडतो आणि मागून घोषणा ऐकू येतात.

आता ज्यासाठी उठलो ते सांगतो. हे सांगायचं नव्हतं, पण सांगतो.

काही वर्षांपूर्वी नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून आपल्या पोराला मारलं. पोरगा गेला. गावाचं नाव घेत नाही, केस चालू आहे. दुसऱ्या दिवशी मी पोचलो. माय दारात बसलेली. मी कॅमेरा लावला. ती रडली, बोलली, कुणी काय केलं ते सगळं नावानिशी बोलली. चाळीस मिनिटं. घरी येऊन मी त्याची सहा मिनिटं केली, खाली रडकी बासरी लावली, नावं कापली, वर लाल अक्षरात मथळा टाकला. माझ्या चॅनेलवर त्याच्याएवढं काहीच चाललं नाही. लाखावर गेलं.

माझ्या पोरीनं मला दाखवलं. ती मोबाईल घेऊन आली, म्हणाली, "पप्पा, हे बघा." त्या मायच्या तोंडाआधी गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात चालू होती. मग माय. मग मधेच पुन्हा तीच क्रीम.

यूट्यूबचा हिशोब तुम्हाला माहीत असावा. पूर्ण वाटा मिळायला हजार सभासद आणि वर्षात चार हजार तास पाहणं लागतं. मग मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले शंभरातले पंचावन्न करणाऱ्याला, पंचेचाळीस कंपनीला. म्हणजे माय रडली त्याचे पंचावन्न मला आणि पंचेचाळीस सातासमुद्रापार. तिला? तिचं तर हिशोबात खातंच नाही.

मी जमले ते पैसे पाकिटात घातले आणि गेलो. तीन हजार आणि वर काहीतरी. तिनं पाकीट उघडलं नाही. म्हणाली, "दादा, पैशाचं ऱ्हाऊ द्या. वकील म्हणतेत, तुम्ही त्या दिशी घेतलेलं सगळं पाहिजे. कापलेलं नाही, सगळं. मी नावं घेतली व्हती ना?"

मित्रहो, कार्ड भरलं म्हणून मी ते पुसलं होतं. पुढच्या लग्नाला लागत होतं.

तिनं शिवी दिली नाही. आत गेली आणि चहा टाकला. मी तो प्यालो.

तेव्हा कायद्याचं जे मी उशिरा शिकलो ते तुम्ही आज शिका. कोर्टात यूट्यूबवरची बासरी लावलेली चित्रफीत उभी राहत नाही. मूळ फाईल लागते आणि तिच्यासोबत प्रमाणपत्र लागतं. आधी पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं कलम १५ अ आलं, त्याच्या दहाव्या पोटकलमात लिहिलंय की या कायद्याखालच्या गुन्ह्यांच्या कारवाईचं व्हिडिओ चित्रीकरण झालं पाहिजे. झालं 'पाहिजे', मेहरबानी नाही. किती जणांनी हे मागितलंय? हात वर करा. दोन. एक तर वकील आहे, तो धरायचा नाही.

लाईव्ह करायला पोरं पटकन मोबाईल काढतात. चांगलंय. पण लाईव्ह संपलं की मूळ फाईल कुठं आहे? कुणाच्या नावानं, कुठली तारीख, कुठलं गाव? गावाचं नाव न लिहिलेला व्हिडिओ आणि पत्ता न लिहिलेलं पाकीट सारखंच. २०२० च्या जूनमध्ये सरकारनं टिकटॉक बंद केलं. आपल्या किती पोरापोरींची गाणी, भाषणं, नकला एका रात्रीत दिसेनाशा झाल्या! कुणी विचारलं नाही त्यांना. भाड्याच्या घरात मालक सामान बाहेर टाकतो तेव्हा किमान आवाज तरी येतो.

आता तरुण मित्र मला म्हणतात, 'काका, आपण आपलं नेटफ्लिक्स काढू, बहुजनांचं.' काढा. मी पहिला वर्गणीदार. पण क्वेली टीव्हीसारखी लोकांकडून वर्गणी मिळवायची तर दर महिन्याला ज्यांना दहा रुपये मागायचे त्यांच्याकडं जावं लागेल, आणि त्यांना दाखवायला काही जपून ठेवलेलं लागेल. तुमच्याकडं आज काय आहे? माझ्याकडं काय आहे ते मी सांगितलं. 'बहिष्कृत भारत' चालवताना बाबासाहेब एकट्यानं रकानेच्या रकाने लिहायचे, आणि पैशाअभावी ते बंद पडलं. पण त्याचे अंक कुणीतरी सांभाळले, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. बंद पडण्याची भीती मला कमी वाटते. पुसलं जाण्याची जास्त वाटते.

गाण्यांचंही तेच. लातूरच्या एका मिरवणुकीचा माझा व्हिडिओ एका गाण्यावरून अडकला, एका कॅसेट कंपनीनं हक्क सांगितला. ज्या शाहिरानं ते गाणं रचलं त्याच्या घरी मी गेलो. पोरगा म्हणाला, बापानं कॅसेटच्या जमान्यात काही शेकड्यांवर एकदाच सही केली होती, कागद वाचला नव्हता. शाहीर वारले. गाणं वस्तीचं, हक्क कंपनीचा, आणि नाचणारा पोरगा चोर! म्हणून गाणाऱ्यांनो, सहीआधी कागद वाचा. नाही कळला तर तो मघाचा वकील आहे.

एका पोरीनं चिठ्ठी पाठवलीय: 'मग मायचे व्हिडिओ घ्यायचेच नाहीत का?' घ्यायचे. आधी विचारायचं, घेतलेलं तिला दाखवायचं, जाहिरात बंद ठेवायची, मूळ तिच्या हातात एका पेनड्राईव्हवर द्यायचं, एक आपल्याकडं, एक वकिलाकडं. बासरी लावायची नाही. लाखावर जाणार नाही तो व्हिडिओ. जाऊ नये.

मी तो सहा मिनिटांचा व्हिडिओ काढून टाकायला तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "राहू द्या. त्यात त्याचा फोटो हाय." म्हणून तो आहे. जाहिरात बंद केलीय.

शेवटचं, कामाचं. माझ्या माळ्यावर व्हीएचएसच्या एकेचाळीस कॅसेटी आहेत. जयंत्या, नामांतराच्या सभा, किल्लारीच्या भूकंपानंतर लातूरकडं मदत घेऊन गेलो त्याच्या दोन. बुरशी हातानं पुसावी लागते, सावकाश, फीत न ओढता. व्हीसीआर एकच चालू आहे आणि त्याचं हेड गेलेलं आहे. कुणाच्या घरी जुना व्हीसीआर पडला असेल, बंद असला तरी चालेल, सुटे भाग काढता येतील. या रविवारी सकाळी दहाला माझ्या दुकानी या. येताना सुती फडकी आणा.