तिची बाजू कोण सांगणार?

आज गाण्यांबद्दल बोलायचं आहे, पण लग्नात वाजतात त्या गाण्यांबद्दल नाही.

परवा माझ्या भाचीनं मोबाइलवर एक इंग्रजी गाणं लावलं. शब्द मला कळेनात. ढोल नाही, ताशा नाही, नुसती तार वाजत होती. शेजारी कुणी झोपलंय आणि त्याला जाग येऊ नये, अशा आवाजात एक माणूस गात होता. मी म्हटलं, "काय झालंय गं याला?" ती म्हणाली, "मावशी, याची आई गेली."

मग तिनं सगळं सांगितलं. गायकाचं नाव सुफ्यान स्टीव्हन्स, राहणार अमेरिकेत. २०१५ साली त्याच्या ११ गाण्यांचा अल्बम आला, 'कॅरी अँड लोवेल'. कॅरी ही त्याची आई आणि लोवेल हे सावत्र वडील. सुफ्यान १ वर्षाचा असताना कॅरी घर सोडून गेली. तिला नैराश्य होतं, स्किझोफ्रेनिया होता, दारूचं व्यसनही होतं. पुढं तिनं लोवेलशी लग्न केलं. तेव्हा सुफ्यान ५ ते ८ वर्षांचा होता. त्या काळातले ३ उन्हाळे भावंडं ओरेगन राज्यात तिच्याकडं राहिली. आईचा सहवास म्हणावा तर एवढाच. ते लग्नही टिकलं नाही, पण लोवेलनं पोराशी नातं तोडलं नाही. डिसेंबर २०१२ मध्ये कॅरी पोटाच्या कर्करोगानं वारली. त्यानंतरची ही गाणी. त्यातली काही तर त्यानं ओरेगनमधल्या हॉटेलच्या खोलीत मोबाइलवरच भरली.

ही गाणी ऐकणारे काय म्हणतात? कुणी म्हणतं, एकदा ऐकली, पुन्हा ऐकायची हिंमत होत नाही. कुणी म्हणतं, आई गेली तेव्हा रडू आलं नव्हतं, ते इथं आलं. आणि ज्यांना आईकडून माया मिळालीच नाही, ते म्हणतात, अशा आईसाठीही रडता येतं हे आम्हाला आज कळलं.

खरं सांगू का? मला पहिल्यांदा रागच आला. मी म्हटलं, "वर्षाचं लेकरू टाकून जाते, ती कसली आई!" भाची म्हणाली, "ती आजारी होती, मावशी. तापानं फणफणलेल्या बाईला तू असं बोलली असतीस का?"

मी गप्प बसले, कारण मला माझी धाकटी चुलती आठवली. बाळंतपणानंतर तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. रात्र रात्र जागायची, बाळाला जवळ घ्यायची नाही. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. कुणी म्हणालं, सोंग आहे. माहेरी पाठवली, ती परत आलीच नाही. मुलगा आमच्याकडं वाढला. त्याच्यासमोर तिचं नाव काढायचं नाही, असं घरात ठरलेलं. त्यानं एकदाच मला विचारलं होतं, "ताई, माझी आई कशी होती गं?" मी म्हटलं, "आधी जेवून घे."

त्या अल्बमला २०२५ मध्ये १० वर्षं झाली. लोकांनी एवढा डोक्यावर घेतला, तरी सुफ्यान स्वतः त्यावर समाधानी नाही. इतकी गाणी करूनही आईचं कोडं काही सुटलं नाही, असं त्याला वाटतं. मला त्याचं पटलं. कारण त्या गाण्यांत लेकाचं दुःख आहे. कॅरीचं दुःख कॅरीलाच ठाऊक. आपल्या आज्या जात्यावर बसून आपलं दुःख आपण गायच्या. कॅरीला तशी जागा मिळाली नाही, माझ्या चुलतीलाही नाही.

मैत्रिणींनो, बाळंतपणानंतर एखादी सून सारखी रडत असेल, झोपत नसेल, बाळाकडं बघत नसेल, तर ते सोंग नाही आणि बाहेरचंही नाही. तो आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. आशाताईंना सांगा, डॉक्टरांकडं न्या. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. पण जिवाला धोका वाटत असेल, तर फोनवर न थांबता थेट दवाखाना गाठा.

आणि ज्या गेल्या, त्यांची नावं तरी घ्या. परवा मी त्या चुलतभावाला फोन केला. तो आता चाळिशीचा आहे. सांगितलं, तुझ्या आईला अबोलीची फुलं आवडायची. भाकरी टम्म फुगली की ती टाळी वाजवायची. तुझ्या वेळी दिवस गेले, तेव्हा तिनं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, आणखी सांग."