जमिनीत पेरलेले भय

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. काही भगिनींनी मागणी केल्यावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



यंदा कोणत्या विषयावर बोलणार, असे चिटणीसबाईंनी मला विचारले, तेव्हा मी "राष्ट्राराष्ट्रांच्या संरक्षणाचे आजचे प्रश्न" असे सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "विषय मोठा आहे हो, पण बायका बसतील का?" त्यांची शंका रास्त होती. रणगाडे, विमाने, करारमदार यांच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. ती पुरुषांनी आणि मुत्सद्द्यांनी पाहायची गोष्ट, असे आपल्याला वाटते.

म्हणून मी एवढ्या मोठ्या विषयातली अगदी लहान वस्तू आज निवडली आहे. ती आपल्या हळदीकुंकवाच्या डबीहून थोडीशी मोठी असते. तिचे नाव भूसुरुंग. माणसासाठी पेरायचा सुरुंग. या एवढ्याशा वस्तूवरून आज युरोपातली शहाणीसुरती राष्ट्रे पेचात पडली आहेत, आणि माझ्या माहेरच्या घरातही तिच्यावरून दोन मते आहेत.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. प्लास्टिकची किंवा पत्र्याची डबी, आत थोडी दारू आणि वर दाब बसला की पेटणारी कळ. ती जमिनीत वितीच्या आतच पुरतात. पाऊल पडले की स्फोट होतो. बहुतेक वेळा माणूस मरत नाही, पाय जातो. हे चुकून होत नाही, तसे योजलेलेच असते. मेलेल्या शिपायाला तिथेच ठेवून पुढे जाता येते, जखमीला उचलायला मात्र दोघे-तिघे लागतात. तेवढी शत्रूची फौज अडकून पडते. असा हा हिशेब आहे.

बंदुकीमागे माणूस असतो. त्याला दया येऊ शकते, वरून हुकूम आला की तो थांबू शकतो. सुरुंगाला हुकूम ऐकू येत नाही. तह झाला, मिठाई वाटली गेली, सैनिक घरी गेले, तरी तो वीस-तीस वर्षे पहाऱ्यावर बसून राहतो. मग त्याच्यावर पाय पडतो तो सरपणाला निघालेल्या बाईचा, गुरे वळणाऱ्या पोराचा. २०२३ या एका सालात सुरुंगांनी आणि युद्धामागे उरलेल्या स्फोटकांनी ५,७५७ माणसे मेली किंवा जखमी झाली, अशी जगभरची नोंद आहे. त्यांतली दर शंभरात ८४ साधी नागरिक होती. ज्या नागरिकांचे वय कळले, त्यांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुले होती.

आता माझ्या घरची हकीकत. माझा धाकटा भाऊ लष्करात इंजिनिअर पलटणीत होता. १३ डिसेंबर २००१ रोजी दिल्लीत संसदेवर हल्ला झाला आणि आपले सैन्य पाकिस्तानच्या सरहद्दीवर जाऊन उभे राहिले. पंजाबपासून राजस्थानपर्यंत सरहद्दीलगत सुरुंग पेरले गेले. त्यांत पिकाखालची शेतेही होती. माझा भाऊ पेरणाऱ्यांत होता. दहा महिने सैन्य समोरासमोर उभे राहिले. युद्ध झाले नाही. २००२ च्या ऑक्टोबरात फौजा परत फिरवण्याचा निर्णय झाला आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आई देवापुढे साखर ठेवून आली.

पण पेरलेले कोण काढणार? ज्यांनी पेरले त्यांनीच. राजस्थानात वाळूचे ढिगारे वाऱ्याने सरकतात. त्यांच्याबरोबर सुरुंगही सरकतो. नकाशावर खूण एकीकडे, वस्तू दुसरीकडे. पंजाबात पाऊसपाण्याने माती वाहते. युद्ध न होताही या पेरणीत आणि काढणीत आपले कितीतरी जवान दगावले किंवा अपंग झाले. २००३ च्या आरंभी एका सकाळी माझ्या भावाचा डावा पाय घोट्याच्या वर गेला. त्याचे सोबती सांगत की त्या दिवशी त्याने कोणतीच चूक केली नव्हती. पुण्याला लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालापासून आहे. तिथे त्याला पाय बसवला. भावजय पहिल्या दिवशी तो पाय पाहून बाहेर जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून तो पुसून ठेवण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले.

इकडे जगात काय चालले होते ते पाहू. १९९२ साली सहा संस्थांनी एकत्र येऊन सुरुंगबंदीची चळवळ सुरू केली. जोडी विल्यम्स नावाची एक अमेरिकन बाई तिची संघटक होती. १९९७ च्या जानेवारीत इंग्लंडची राजवधू डायाना अंगोलात सुरुंगांच्या माळरानात साफ केलेल्या पायवाटेवरून चालत गेली, आणि ते छायाचित्र घरोघर पोचले. त्याच वर्षी डिसेंबरात कॅनडातल्या ओटावा शहरी १२२ राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या. माणसांसाठीचा सुरुंग वापरायचा नाही, करायचा नाही, साठवायचा नाही, विकायचा नाही. जवळचा साठा चार वर्षांत नष्ट करायचा आणि पेरलेले दहा वर्षांत काढायचे. त्या वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक जोडीबाई आणि त्यांची चळवळ यांना मिळाले. १९९९ च्या मार्चमध्ये करार लागू झाला. पुढे १६० हून अधिक राष्ट्रे त्यात आली आणि साडेपाच कोटींहून अधिक सुरुंग नष्ट झाले. मोझांबिकातले युद्ध १९९२ साली संपले आणि तो देश सुरुंगमुक्त झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. म्हणजे तेवीस वर्षे लागली, पण झाले.

मी हे सारे वाचून भावाला मोठ्या उत्साहाने सांगितले. वाटले होते, तो खूश होईल. तो म्हणाला, "ताई, चांगले आहे. पण सह्या कोणी केल्या नाहीत ते वाचलेस का?" अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान यांनी केल्या नाहीत, आणि आपल्या भारतानेही केली नाही. आपले सरकार म्हणते की आमची सरहद्द लांब आहे, शेजार अवघड आहे, दुसरा उपाय हाती येईपर्यंत हे हत्यार सोडता येत नाही. मात्र आपण सुरुंग परदेशी विकत नाही, आणि पेरल्यास नोंद ठेवावी, कुंपण घालावे हा दुसऱ्या एका कराराचा नियम आपण मान्य केला आहे.

आणि आता आजचा पेच. २०२२ साली रशियाने युक्रेनवर चाल केली आणि त्या युद्धात सुरुंगांचा सुळसुळाट झाला. ते पाहून २०२५ साली लिथुएनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, पोलंड आणि फिनलंड या पाच राष्ट्रांनी ओटावा करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. युक्रेन स्वतः करारात असूनही त्याने आपल्यापुरता तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. फिनलंडची रशियाशी सरहद्द १,३४० किलोमीटर आहे. या देशाने २०१२ साली करार स्वीकारून आपले दहा लाखांच्या आसपास सुरुंग नष्ट केले होते. आता तो म्हणतो, शेजारी करार पाळत नाही, मग आम्हीच हात बांधून का बसावे?

भगिनींनो, या लोकांना नावे ठेवणे सोपे आहे, पण मी ठेवणार नाही. लिथुएनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया हे तीन छोटे देश १९४० साली सोविएत रशियाने गिळले आणि १९९१ पर्यंत त्यांना स्वतंत्रपणे श्वास घेता आला नाही. तिथल्या आज्यांनी आपली माणसे सैबेरियात पाठवलेली पाहिली आहेत. अशा घरातल्या बाईला "कुंपण घालू नकोस" असे आपण इथे चहा घेता घेता कसे सांगावे?

पण दुसरी बाजूही पाहा. नॉर्वेची सरहद्दही रशियाला लागून आहे. ती लहान आहे हे खरे, पण भय तेच. नॉर्वेने करार सोडला नाही. त्यांचे म्हणणे असे की संकटाच्या वेळी बंधन सोडायचे असेल, तर ते बंधन मुळात कशासाठी होते? सुखाच्या दिवसांत व्रत कोणीही पाळते. एकाने सोडले की दुसऱ्याला सोडणे सोपे जाते, हे आपल्या मंडळाच्या भिशीपासून राष्ट्रांच्या कराराप���्यंत सारखेच आहे.

मी भावाला सरळ विचारले, "तुझा पाय गेला. तुला काय वाटते?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, त्या डिसेंबरात आम्ही पेरले तेव्हा मला बरे वाटले होते. रात्री झोप लागायची. समोरचा एकदम येणार नाही, अडखळेल, तेवढ्यात आपण जागे होऊ, एवढाच त्याचा उपयोग. सुरुंग लढाई जिंकत नाही, उशीर करतो. पण काढायला गेलो तेव्हा शेताच्या बांधावर एक म्हातारी रोज येऊन बसायची. काही बोलायची नाही. पेरणीचे दिवस जवळ आले की नुसती आमच्याकडे बघायची. मला पायापेक्षा तीच जास्त आठवते."

मी म्हटले, "मग बंदी असावी ना?" तो म्हणाला, "असावी. पण आपल्या एकट्यावर नको."

इथे माझे आणि त्याचे पटत नाही. मला वाटते, कोणीतरी आधी केल्याशिवाय कोणीच करत नाही. त्याला वाटते, आधी करणाऱ्याच्या पोरांचा जीव जातो. तो सरहद्दीवर उभा राहिला आहे, मी राहिलेले नाही. म्हणून माझे मत मी त्याच्या मतापेक्षा मोठ्या आवाजात सांगत नाही. पण ते सोडलेलेही नाही. सुरुंग पेरताना जो हिशेब मांडतात, त्यात काढणीचा खर्च कोणी धरत नाही. एक सुरुंग थोड्या डॉलरांत होतो, तो काढायला ३०० ते १,००० डॉलर लागतात, असा संयुक्त राष्ट्रसंघाचा जुना अंदाज आहे. आणि बांधावरच्या म्हातारीचा हिशेब तर कोणत्याच वहीत नाही. संरक्षण म्हणजे सरहद्दीचे रक्षण हे खरेच, पण सरहद्दीवर राहणाऱ्यांनाही त्यात धरले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे निस्तरण्याचे काम पुष्कळदा बायकांच्याच वाट्याला येते, तेही सांगते. श्रीलंकेत २००९ साली युद्ध संपल्यावर उत्तरेकडच्या भागात शेकडो स्त्रियांनी सुरुंग काढण्याचे काम केले आहे. त्यांत कित्येकींचे नवरे युद्धात गेलेले. तोंडावर जाड काचेसारखा पडदा, अंगावर जड चिलखत, कडक ऊन, आणि हातात लांब दांड्याचे दाताळे. बोटबोट माती ओढायची, पाहायची, पुन्हा ओढायची. तांदूळ निवडताना एक खडा राहिला तर दाताखाली येतो. इथे एक राहिला तर कोणाच्यातरी लेकराच्या पायाखाली येतो. त्यांच्या कष्टाने मोकळ्या झालेल्या जमिनीत पुन्हा भाजीपाला पिकला, घरे उठली.

आणि पाय गेलेल्यांना उभे करण्यात आपल्या देशाने जे केले त्याचा अभिमान वाटावा. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा पाय तयार केला. विलायती पायाला बूट लागे आणि तो वाकत नसे. आपल्या माणसाला तर अनवाणी चालायचे, मांडी घालून बसायचे, चुलीपुढे उकिडवे बसायचे, शेताच्या चिखलात उतरायचे. शर्मा फारसे शिकलेले नव्हते, पण माणूस कसा बसतो हे त्यांनी पाहिले होते. हा जयपूर फूट पुढे अफगाणिस्तान आणि कंबोडियासारख्या सुरुंगांनी पोळलेल्या देशांत पोचला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मला नेहमी वाटते, त्यात अर्धा वाटा रामचंद्रजींचा होता.

मग आपण काय करायचे? करार करणे आपल्या हाती नाही. पण दोन गोष्टी आहेत. पहिली, वर्तमानपत्रातले ते पान उलटू नये. अमुक राष्ट्राने अमुक शस्त्र घेतले असे वाचले, की एक प्रश्न विचारावा: हे वापरल्यावर मागे काय उरणार, आणि ते कोण उचलणार? आपल्या प्रतिनिधींनाही तो विचारावा. भित्रेपणाचा तो प्रश्न नव्हे. माझ्या भावासारखे शूर शिपाईही तो विचारतात.

दुसरी गोष्ट घरगुती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्रत्येक जण वाण लुटतो. डब्या, चाळण्या, वाट्या घरात ठेवायला जागा उरलेली नाही. यंदा त्या वाणाचे पैसे एकत्र करावे आणि कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या शिबिराला द्यावे, अशी माझी सूचना आहे. पाय सुरुंगाने गेलेला असो, ऊस गाळण्याच्या यंत्रात गेलेला असो, की मधुमेहाने. तो घालून चालणारे माणूस आपल्याच दारावरून जाईल. तिळगूळ आहेच.

भाऊ आज सभेला आला आहे, मागे बाकावर बसला आहे. हे भाषण लिहून झाल्यावर मी त्याला वाचून दाखवले. म्हणाला, "माझे मत तू नीट लिहिलेस. तुझे मत थोडे लांबले." ते खरे असावे, म्हणून आता थांबते.