जॅकची परीक्षा
(तांत्रिक विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



पेटंटविषयी चार शब्द बोलावेत असा निरोप मला मिळाला, तेव्हा मी थोडा विचारात पडलो. कायद्याचा विषय रुक्ष असतो. मी कलमे वाचून दाखवू लागलो तर तुम्ही जांभया देऊ लागाल आणि त्यात तुमचा दोष असणार नाही. म्हणून आज मी बोलण्यासाठी एकच वस्तू निवडली आहे. ती तुम्ही सर्वांनी पाहिलेली आहे. मोटारगाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या शेजारी, धूळ खात पडलेला जो जॅक असतो, तो. त्याला सीझर जॅक म्हणतात.

हा जॅक नीट पाहा. चार सारख्या दांड्यांचा तो एक समभुज चौकोन आहे. डाव्या व उजव्या कोपऱ्यांतून एक लांब स्क्रू आडवा गेलेला असतो. हँडल फिरवले की हे दोन कोपरे एकमेकांजवळ ओढले जातात आणि वरचा कोपरा गाडीला घेऊन वर चढतो. वरच्या व खालच्या सांध्यापाशी दांड्यांच्या टोकांना दाते कापलेले असतात. ते एकमेकांत अडकत असल्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच उघडतात व माथा एका अंगाला कलत नाही. स्क्रूच्या आट्यांची चढण मुद्दाम इतकी कमी ठेवतात की, हात सोडला तरी घर्षणामुळे स्क्रू उलटा फिरत नाही व गाडी खाली येत नाही.

आता थोडे गणित. दांडा जमिनीशी जो कोन करतो त्यावर स्क्रूवरील ओढ अवलंबून असते. समजा, जॅकवर ५०० किलो भार आहे. कोन ४५ अंशांचा असेल तर स्क्रूवर ५०० किलोचीच ओढ येते. कोन ३० अंशांचा असेल तर सुमारे ८६६ किलो. आणि जॅक जवळजवळ मिटलेला असून कोन १५ अंशांचा असेल तर सुमारे १८६६ किलो! म्हणजे जॅक खाली असतानाच हँडल सर्वांत जड जाते. वर गेल्यावर ते हलके होते, परंतु मग एका फेऱ्यात गाडी थोडीच उचलली जाते. पंक्चर काढताना घाम का फुटतो, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

हा त्रास ज्यांनी आयुष्यभर सोसला, अशा एका उस्तादांची हकीकत मला सांगावयाची आहे. आमच्या भागात त्यांचे लहानसे गॅरेज आहे. शिक्षण बेताचे, पण हात असा की लोखंडाने त्यांचे ऐकावे. त्यांनी एक जॅक बनवला होता. स्क्रूच्या टोकाला छोटी गिअरची पेटी, आणि दांड्यावर एक खुंटी. जॅक खाली असताना गिअर हलका राही. दांडा ठरावीक कोनाला आला की तीच खुंटी गिअर बदलून वेग वाढवी. मी तो जॅक फिरवून पाहिला आणि म्हणालो, “उस्ताद, याच्या पेटंटचा अर्ज करा.”

सल्ला मी दिला. अर्ज म्हणजे निम्मेच काम, पुढे त्याची परीक्षा असते, हे मात्र मी त्यांना समजावून सांगितले नाही. पुढे काय झाले ते सांगेनच. त्याआधी ती परीक्षा कशी असते ते पाहू.

महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कचेरीत जातो. अशा चार कचेऱ्या देशात आहेत, बाकीच्या तीन कोलकाता, दिल्ली व चेन्नई येथे. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला आणि १९९९, २००२ व २००५ साली त्यात मोठे बदल झाले. नेहमीच्या क्रमाने अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो व कोणालाही वाचता येतो. परंतु अर्ज प्रसिद्ध झाला म्हणून तो आपोआप तपासला जात नाही. परीक्षणासाठी वेगळी विनंती व वेगळी फी लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे ही विनंती ३१ महिन्यांच्या आत करावयाची असते, नाहीतर अर्ज मागे घेतला असे समजतात.

आता अर्ज परीक्षकाच्या टेबलावर आला. पुष्कळांना वाटते की परीक्षक जॅक मागवील, त्यावर गाडी चढवून पाहील. सहसा तसे काही होत नाही. तो कागद वाचतो. त्या कागदात शेवटी ‘दावे’ असतात. दावा म्हणजे शेताच्या बांधासारखा. माझी जमीन इथून इथपर्यंत, असे सांगणारे ते एक वाक्य. परीक्षक तपासतो ते मुख्यतः हे वाक्य.

त्याचा पहिला प्रश्न : हे नवे आहे काय? जगातील पेटंटांचे वर्गवारीने गठ्ठे बांधलेले आहेत. स्क्रूवर चालणाऱ्या व दुमडत्या दांड्यांच्या जॅकचा गठ्ठा ‘बी ६६ एफ ३’ या खुणेखाली सापडतो. परीक्षक तो उघडतो. तुमच्या दाव्यात “चार दांडे, एक स्क्रू व श्रम कमी करणारा गिअर” एवढेच लिहिले असेल आणि या तिन्ही गोष्टी एखाद्या जुन्या कागदात एकत्र सापडल्या, तर दावा पडला. तो कागद कोणत्या देशातला, कोणत्या भाषेतला, हे पाहिले जात नाही.

दुसरा प्रश्न : नवे असले तरी ते सहज सुचण्यासारखे आहे काय? हाताऐवजी मोटार लावून गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर जॅक चालवावा, ही कल्पना दरवर्षी कितीतरी कॉलेजांतील मुलांना सुचते. जॅक ठाऊक, मोटार ठाऊक, मोटारीने स्क्रू फिरतो हेही ठाऊक. मग यात शोध कोठे, असे परीक्षक विचारणारच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका खटल्यात याचा निकाल दिला. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, हा तो खटला. लेथवर भांडी धरून ती तयार करण्याच्या एका पद्धतीचे पेटंट १९५१ सालचे होते. न्यायालयाने ते रद्द ठरवले. कसबी कारागीर आपल्या कारखान्यात रोज जी सुधारणा करतो, तिच्यापेक्षा काही अधिक असल्याखेरीज पेटंट मिळणार नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

तिसरा प्रश्न : कायद्याने ज्याला शोध म्हणूच नये असे ठरवले आहे, त्यात हे बसते काय? समजा, तुम्ही जॅकला विजेरी बांधली. रात्री चाक बदलताना उजेड पडेल, सोय मोठी. परंतु विजेरी विजेरीचे काम करते आणि जॅक जॅकचे. ठाऊक वस्तू शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करीत राहिली, तर कलम ३ प्रमाणे तो शोध नव्हे. उस्तादांच्या जॅकमध्ये मात्र दांड्याचा कोन बदलतो म्हणून खुंटी हलते आणि खुंटी हलते म्हणून गिअर बदलतो. तेथे भाग एकमेकांशी बोलतात. फरक येथे आहे.

या प्रश्नांची उत्तरे परीक्षक आपल्या अहवालात लिहितो व कचेरी तो अर्जदाराला पाठवते. त्याला पहिला परीक्षण अहवाल म्हणतात. यावर उत्तर देण्यास सहा महिने मिळतात. फी भरून मुदतवाढ मागता येते, पण ती मागावी लागते. उत्तरात आपली बाजू मांडता येते, दावे आवळून घेता येतात. विरुद्ध निर्णय होण्यापूर्वी सुनावणी मागता येते. आणि निर्णय विरुद्ध गेलाच तर उच्च न्यायालयात अपील आहे.

आता उस्तादांकडे वळू. त्यांच्या भाच्याने अर्ज ऑनलाइन भरला. पहिल्या दाव्यात लिहिले, चार दांडे, स्क्रू व गिअर. खुंटीची हकीकत आत तिसऱ्या पानावर वर्णनात होती. दाव्यात ती नव्हतीच. यथाकाल अहवाल आला. दोन जुनी पेटंटे दाखवून परीक्षकाने लिहिले होते की, दाव्यातील गोष्टी नव्या नाहीत. भाच्याने कागद छापून मामांच्या हाती दिला. मामांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

मला ते समजले नऊ-दहा महिन्यांनी. सहज विचारले, तर म्हणाले, “साहेब, नामंजूर झाला तो. सरकारी कागद आला ना.” मी कागद पाहिला. तो नामंजुरीचा नव्हता, तो प्रश्न होता! खुंटी वर्णनात होती, म्हणून तिला दाव्यात आणून दावा आवळता आला असता. त्या दोन जुन्या पेटंटांत खुंटी नव्हती. परीक्षकाने ते मान्य केले असते की नाही, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. परंतु विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याचा त्यांचा हक्क होता, तो वाया गेला. मुदतीत उत्तर नाही म्हणजे अर्ज सोडून दिला, असे कायदा समजतो.

मी म्हणालो, पुन्हा अर्ज करू. आणि तत्क्षणी माझ्याच लक्षात आले की तेही शक्य नाही. पहिला अर्ज प्रसिद्ध झाला होता. त्यांची खुंटी आता सर्व जगाला ठाऊक होती. नव्या अर्जाच्या आड त्यांचाच जुना कागद आला असता. उस्ताद रागावले नाहीत. “तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं, साहेब,” एवढेच म्हणाले. ते खरे होते. म्हणूनच आज मी येथे उभा आहे.

तेव्हा मित्रहो, उद्या तुमच्या हातून असे काही घडले तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

अर्ज करण्यापूर्वी वस्तू कोणाला विकू नका, मासिकात छापू नका, प्रदर्शनात मांडू नका. काही मोजक्या प्रसंगांना कायद्याने बारा महिन्यांची सवलत दिली आहे, पण कॉलेजातील प्रदर्शन त्यात बसेल असे धरून चालू नका. रचना पुरती झाली नसेल तर तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करून तारीख मिळवा. पूर्ण तपशील त्यानंतर बारा महिन्यांत देता येतो.

अर्जापूर्वी स्वतः शोध घ्या. जगभरची जुनी पेटंटे आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात. एक दिवस त्यात घालवलात तर कदाचित सहा महिन्यांची मेहनत वाचेल.

वर्णनात सर्व काही लिहा, अगदी क्षुल्लक वाटणारी खुंटीसुद्धा. मागाहून दावा आवळता येतो, पण मूळ कागदात जे नव्हते ते नव्याने घालता येत नाही.

केवळ आकार व रूप नवे असेल तर पेटंटच्या मागे लागू नका. त्यासाठी २००० सालचा डिझाइन कायदा आहे. मात्र वस्तू चालते कशी, याला तो संरक्षण देत नाही.

आणि शेवटची गोष्ट. हरकतींचा कागद आला की घाबरू नका, रागावू नका आणि तो ड्रॉवरमध्ये ठेवू नका. त्यावरची तारीख पाहा, त्यात सहा महिने मिळवा व तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. मग दाखवलेली जुनी पेटंटे शांतपणे वाचा आणि स्वतःला विचारा, यात नाही असे माझ्या वस्तूत काय आहे? उत्तर सापडले तर ते लिहून पाठवा. नाही सापडले, तर ते प्रामाणिकपणे मान्य करा. जॅक तरीही गाडी उचलीलच.

उस्तादांचे गॅरेज आजही चालू आहे. तो जॅक ते अजून वापरतात. सध्या त्यांच्या डोक्यात दुसरे काहीतरी घोळत आहे. काय ते मी तुम्हांला सांगणार नाही, कारण अर्ज अजून दाखल झालेला नाही.