समुद्राची राखण



काल याच मंडपात संतवाङ्मयावर सुंदर व्याख्यान झाले आणि आज मी मासळीविषयी बोलणार आहे. हा क्रम चिटणीसांनी मुद्दाम लावला की तारखांच्या अडचणीमुळे लागला, हे मी त्यांना विचारलेले नाही. श्रोत्यांत शाकाहारी मंडळी पुष्कळ असतील. त्यांना एवढेच सांगतो की मी आज रुचीविषयी बोलणार नाही, हिशेबाविषयी बोलणार आहे. आणि हिशेब सर्वांनाच पथ्यकर असतो.

पत्रिकेत विषयाचे नाव जरा भारदस्त छापले आहे : ‘सागरी अर्थव्यवहार आणि सागरी जीवसृष्टी’. अलीकडे याला ‘नील अर्थव्यवस्था’ असेही म्हणतात. समुद्रातून माणसांना पोटापाण्याचा उद्योग मिळावा, आणि तो उद्योग नातवंडांनाही करता यावा एवढा समुद्र शिल्लक राहावा, इतकाच त्याचा साधा अर्थ. हे जमते का, आणि कोठे अडते, एवढेच आज पाहू.

आपल्याकडे श्रावणात नारळी पौर्णिमा येते. कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि मग होड्या पाण्यात लोटतात. त्यापूर्वीचे पावसाळ्याचे दिवस समुद्र बंद. हा नियम कोणी केला? वस्तुतः तो वाऱ्याने केला. शिडाची होडी आषाढातल्या समुद्रावर टिकत नाही, म्हणून ती किनाऱ्यावर शाकारून ठेवायची. पण नेमक्या याच सुमारास पुष्कळ जातींची मासळी अंडी घालते, आणि नद्यांच्या पुराबरोबर खाड्यांत उतरलेल्या खाद्यावर पिल्ले पोसतात. कोळ्याला विश्रांती मिळे आणि समुद्रालाही. इतर दिवसांतही अशा सक्तीच्या सुट्ट्या असत. जाळे सुताचे किंवा सणाचे. ते सारखे वाळवावे लागे, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करावे लागे. बर्फ नव्हते, म्हणून फार दूर जाता येत नसे. गेले तरी मासळी नासे. खडकाळ तळाशी जाळे फाटे, म्हणून तेथे कोणी फिरकत नसे, आणि मासे तेथे निर्धास्त वाढत. थोडक्यात, पूर्वी समुद्राची राखण माणसाची दुर्बलताच करीत होती. आपण तिला राखण म्हणून ओळखले नाही. अडचण म्हणून ओळखले, आणि एकेक अडचण दूर करीत गेलो.

यात कोळ्याचे काही चुकले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. वादळात बाप गमावलेल्या मुलाने यंत्राची होडी मागितली, तर त्याला परंपरेचे कौतुक ऐकवणारे आपण कोण? यंत्र आले हे चांगलेच झाले. मात्र जो पहारेकरी आपण काढून टाकला, त्याच्या जागी दुसरा नेमायचा, हे राहून गेले. ते राहून गेले की काय होते, हे पाहण्यासाठी थोडे दूर, अटलांटिक महासागराच्या पलीकडे कॅनडाच्या किनाऱ्याला जाऊ. तेथला हिशेब पुरा झालेला आहे.

न्यूफाउंडलंड या बेटाजवळ उथळ, थंड आणि अत्यंत सकस समुद्र आहे. १४९७ साली जॉन कॅबट तेथे पोचला, तेव्हापासून तेथल्या कॉड माशांच्या विपुलतेची कीर्ती युरोपात पसरली. पुढे जवळजवळ पाच शतके खारवलेल्या कॉडवर त्या बेटाचा संसार चालला. १८८३ साली लंडनला मत्स्योद्योगाचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे टी. एच. हक्सले या थोर शास्त्रज्ञाने सांगितले की कॉडसारखी मोठी समुद्री मासेमारी बहुधा कधीच संपणार नाही. हक्सलेला आज हसणारे पुष्कळ आहेत. पण त्याने एक अट घातली होती, ती ते विसरतात. आजच्या मासेमारीच्या पद्धती पाहता, असे तो म्हणाला होता. पद्धती बदलल्या. त्याचे वाक्य लोकांच्या लक्षात राहिले आणि अट गळून पडली.

१९५० नंतरच्या दशकांत तेथे तरंगते कारखानेच आले. मासा पकडायचा, बोटीवरच कापायचा आणि गोठवायचा; हवामानाची पर्वा नाही, रात्रीची नाही, बर्फाचीही नाही. १९६८ साली तेथून सुमारे ८ लाख टन कॉड निघाला. मग उतार लागला. १९७७ साली कॅनडाने दोनशे सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यात घेतला आणि परकी बोटींना पुष्कळसा आळा घातला. लोकांना वाटले, चोर गेला. पण रिकाम्या जागी आता घरच्याच मोठ्या बोटी आल्या.

या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुढचा आहे. १९८० नंतर किनाऱ्याजवळ लहान होड्यांनी मासे धरणारे लोक सांगू लागले की मासा कमी येतो आहे आणि लहान येतो आहे. सरकारी अंदाज मात्र बराच काळ आशादायक होते, कारण त्यांत मोठ्या बोटींच्या मिळकतीला वजन होते, आणि मोठ्या बोटींची जाळी भरून येत होती. ती का भरत होती? उरलेला मासा जेथे दाटीने गोळा होई, तेथे यंत्रांच्या साहाय्याने ती नेमकी जाऊन पोचत. विहीर आटत आली तरी पोहरा बुडेल एवढा खळगा तळाशी असतोच; पोहरा भरला म्हणून विहीर भरलेली आहे असे कोणी म्हणेल काय?

२ जुलै १९९२ रोजी कॅनडाच्या सरकारने ही मासेमारी बंद केली. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून सांगितली होती; व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू झाली ती २०२४ साली, आणि तीही वर्षाला १८ हजार टनांच्या मर्यादेत. मधल्या बत्तीस वर्षांत तरुण माणसे गाव सोडून गेली. समुद्र थोडा सावरला. गावे तशी सावरली नाहीत.

आता घरी येऊ. आपल्या गावातून समुद्र दिसत नाही, पण मासळीबाजार आहे. परवा मी तेथे गेलो होतो. एका बाईच्या पाटीत तळहाताहून लहान पापलेटे होती. मी शहाणपणाने विचारले, “मावशी, एवढाली पिल्लं कशाला आणलीत?” ती म्हणाली, “तुम्ही घेता म्हणून.” मी पिशवी घेऊन निमूटपणे पुढे गेलो. पिशवीत काय होते, हे कृपा करून विचारू नका.

पापलेट, म्हणजे आपला सरंगा, २०२३ साली महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झाला. पालघरकडचे सातपाटी हे गाव पापलेटासाठी प्रसिद्ध, आणि पापलेट घटते आहे ही तेथल्या मच्छीमारांची जुनी तक्रार. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली : पापलेट साडेतेरा सेंटिमीटर, बोंबील अठरा, घोळ सत्तर. याहून लहान मासा धरू नये. तर्क सरळ आहे. अंडी घालण्याची एक संधी तरी त्याला मिळू द्या. बीज खाऊन कोणी शेती करीत नाही.

इतर नियमही आहेत. १९८१चा सागरी मासेमारीचा कायदा २०२१ साली सुधारून कडक केला. १ जून ते ३१ जुलै ही एकसष्ट दिवसांची बंदी, म्हणजे वाऱ्याचा जुना हुकूमच आता सरकारी शिक्क्याने निघतो. पर्ससीन जाळ्यांवर, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालून खालून तोंड आवळणाऱ्या प्रचंड जाळ्यांवर, २०१६ पासून मर्यादा आल्या. रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यावर २०१७ साली केंद्र सरकारने बंदी घातली. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटीकडील पिशवीला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस असावेत, असाही नियम आहे. यातली युक्ती मला फार आवडते. नेहमीचा तिरपा आस जाळे ओढले जाताना मिटतो आणि पिल्ले आत अडकतात. चौकोनी आस ताणातही उघडा राहतो आणि पिल्ले निसटतात. सुताची गाठ तीच, नुसता कोन बदलला!

मग अडते कोठे? २०२५ च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले आहेत. ड्रोनला होडी दिसते; पाटीतल्या माशाची लांबी दिसत नाही. शिवाय राज्याची हद्द बारा सागरी मैलांची, त्यापुढे केंद्राची. माशाला ही रेषा ठाऊक नाही. आणि बोटीच्या मालकाचीही बाजू ऐकली पाहिजे. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार आणि बँकेचा हप्ता हे चुकत नाहीत. मोठा मासा मिळाला नाही तर तो बारीक मासळी उपसून खतासाठी आणि खाद्याच्या कारखान्यांना विकतो. ही त्याची हौस नव्हे. त्याला नुसता दंड करून भागणार नाही.

या बाबतीत एक लहानशी योजना मला मोठी वाटते. जाळ्यात कासव, देवमाशासारखा संरक्षित प्राणी सापडला आणि कोळ्याने जाळे कापून त्याला सोडले, तर फाटलेल्या जाळ्याची भरपाई म्हणून २५ हजार रुपयांपर्यंत रक्कम देण्याचे महाराष्ट्र शासनाने २०१८ साली ठरवले. येथे प्रथमच असे मानले गेले की राखण हे काम आहे आणि कामाला दाम आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या स्त्रिया पाहुण्यांना होडीत बसवून कांदळवन दाखवतात. तिवरांचे ते रान माशांच्या पिल्लांचे पाळणाघर. पूर्वी त्याची किंमत सरपणाइतकी होती, आता ते उभे असल्यामुळेच चार घरे चालतात.

परंतु मोठ्या हिशेबात ही रीत अजून शिरलेली नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक. बंदरे नकोत, असे मी म्हणत नाही. व्यापारावाचून देश चालत नाही. तेथील मच्छीमारांचे म्हणणे असे की हा समुद्र मासळीच्या पैदाशीचा आहे आणि तो गेला की आमचे सर्व गेले. ते चूक असेल तर आकड्यांनी चूक दाखवावे. बंदराच्या खर्चाचा आकडा सर्वांना तोंडपाठ आहे. दरवर्षी त्या पाण्यात वाढणाऱ्या मासळीचा, ती सोडवणाऱ्या, वाळवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांच्या रोजीचा आकडा त्याच कागदावर शेजारी मांडलेला मी तरी पाहिलेला नाही. न्यूफाउंडलंडलाही लहान होडीवाल्यांचे बोलणे ‘अनुभव’ म्हणून बाजूला ठेवले गेले होते आणि मोठ्या बोटींचे आकडे ‘माहिती’ म्हणून वहीत गेले होते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मी पाहिले आहे. एक गोष्ट सांगून थांबतो. त्या दिवशी बाजारातून परतताना मी त्या मावशींना विचारले की साडेतेरा सेंटिमीटरचा नियम त्यांना ठाऊक आहे काय. त्यांनी पाटीतले एक पापलेट उचलले, स्वतःच्या तळव्यावर ठेवले आणि म्हणाल्या, “एवढं असतं बघा. पण हे मला सांगून काय उपयोग? मी धक्क्यावर लिलावात घेते. तिथं कोणी पट्टी धरली, तर आमच्या पाटीत येईलच कशाला?”