लग्नातली छायाचित्रे : एका व्यावसायिकाचे मनोगत

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शिरगाव येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजवर मी अशा समारंभांत पुष्कळ उभा राहिलो, पण तो व्यासपीठाच्या खाली आणि एक डोळा मिटून. वर उभे राहून दोन्ही डोळ्यांनी समोर पाहण्याचा योग आजच आला. समोर बसलेल्या मंडळींपैकी अनेकांच्या लग्नांत मी हजर होतो. जेवायला मात्र शेवटच्या पंगतीला बसलो. चिटणीसांनी ‘तुमच्या धंद्याविषयी बोला’ असे सांगितले तेव्हा मी म्हटले, यात बोलण्यासारखे काय आहे? परंतु विचार करता करता ध्यानात आले की, घरातल्या माणसांनाही दिसत नाही असे काही या धंद्यात माणसाच्या दृष्टीस पडते. तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

आरंभी आपल्या मुलखाच्या अभिमानाची एक गोष्ट सांगतो. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्र घेण्याची कृती जाहीर झाली, आणि पंधराच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या पहिल्या पिढीतल्या देशी छायाचित्रकारांत डॉ. नारायण दाजी यांचे नाव आदराने घेतले जाते. हे नारायण दाजी म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू, आणि भाऊ दाजींचा जन्म आपल्या पेडणे महालातल्या मांद्र्याचा. तेव्हा कॅमेरा ही आपल्याकडे अलीकडे आलेली चैन आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला मांद्र्याची वाट दाखवावी. तरी खेड्यातल्या लग्नमंडपात कॅमेरा शिरायला फार काळ गेला. आमच्या आजोबांच्या पिढीतले नवरा-नवरी लग्नानंतर चार-सहा महिन्यांनी ठेवणीतले कपडे घालून पणजीला किंवा म्हापशाला जात आणि स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ उभे राहत. पणजीच्या सोझा आणि पॉल यांच्या स्टुडिओचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी असे. त्या तसबिरींत लग्न नसते, फक्त जोडपे असते.

मी या धंद्यात आलो तेव्हा रंगीत फोटो आले होते, पण खेड्यात काळ्या-पांढऱ्याचेच राज्य होते. डिचोलीत ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्याकडे दोन भिंगांचा, वरून खाली पाहायचा कॅमेरा होता. त्यात १२० नंबरचा रोल बसे आणि एका रोलवर बरोबर बारा फोटो येत. लग्नाचा करार रोलांत व्हायचा. ‘दोन रोल’ म्हणजे बेताची परिस्थिती, ‘तीन रोल’ म्हणजे बरे घर, आणि ‘पाच रोल’ म्हटले की मास्तर आधी खुर्ची पुढे करीत. तीन रोलांचे छत्तीस फोटो. आज एक हौशी भाचा नवरीच्या मेंदीचेच तेवढे काढतो. छत्तीसांत हळदीपासून पाठवणीपर्यंत सारे बसवायचे, म्हणजे काय घ्यायचे यापेक्षा काय सोडायचे हे आधी ठरवावे लागे.

आणि त्यात अंतरपाट. आमच्या धंद्यातली सर्वांत अवघड घटका कोणती असे विचाराल, तर ती हीच. शेवटचे मंगलाष्टक संपते, ‘सावधान’चा गजर होतो, वाजंत्री एकदम सुटते, अंतरपाट बाजूला ओढला जातो, आणि दोन माणसे एकमेकांकडे पाहतात. ते पाहणे एका निमिषाचे असते. लगेच हार पुढे येतात, मामांचे हात पुढे येतात, भटजींचा खांदा आडवा येतो. आमच्या फ्लॅशला एकदा लखलखल्यावर पुन्हा भरायला नव्या सेलवर आठ-दहा सेकंद आणि उतरत्या सेलवर त्याच्या दुप्पट वेळ लागे. घाईने एक क्षण आधी बटण दाबले, तर पुढचे दहा सेकंद आपण नुसते प्रेक्षक. शिवाय अक्षता! भिंगाजवळून गेलेला तांदळाचा दाणा फ्लॅशच्या उजेडात फोटोत चवलीएवढा पांढरा ठिपका होऊन बसतो, आणि तो नेमका नवरीच्या नाकावर. मास्तर यासाठी थोडे उंचावरून, भिंतीला पाठ लावून उभे राहत. वऱ्हाडी मागून अक्षता टाकतात, त्या डोक्यावरून जाऊ द्याव्यात, भिंगापुढून जाऊ देऊ नयेत, हे त्यांचे शास्त्र.

त्यांचा आणखी एक नियम होता. शेवटच्या मंगलाष्टकाच्या आधी कॅमेऱ्यात नवा रोल हवाच; जुन्यात दोन फोटो उरले असले तरी ते मारून टाकायचे. हे ‘मारायचे’ फोटो आम्ही कशावरही घेत असू : चुलीपुढचा आचारी, सनईवाला, पाण्याची घागर घेऊन चाललेली म्हातारी, पत्रावळी मोजणारे काका. गिऱ्हाईक त्यांचे पैसे देत नसे आणि ते फोटो पाकिटातच राहत. आज त्या घरचे लोक येतात आणि नेमके तेच फोटो मागतात. विधींचे फोटो सगळ्या अल्बमांत सारखेच दिसतात. पण त्या घागरवाल्या आजीचा उभ्या आयुष्यात दुसरा फोटो निघालेला नसतो.

इथेच आमच्या धंद्याची दुसरी बाजू येते. घरात कोणी गेले की बाराव्या दिवसाच्या आत भिंतीवर तसबीर लागते. ती येते कुठून? बहुतेक वेळा कोणा पुतण्याच्या लग्नातल्या ग्रूप फोटोतून. मुलगा अल्बम काखेत धरून येतो आणि मागच्या रांगेतल्या अंगठ्याएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवतो, ‘एवढाच मोठा करून द्या.’ त्या वेळी त्या ग्रूपमध्ये त्या माणसापुढे कोणाचा फेटा आला नव्हता, एवढ्यावर सगळे अवलंबून असते. म्हणून मागच्या रांगेला बाकावर उभे केल्याशिवाय मी आजही ग्रूप घेत नाही. लोक म्हणतात, हा म्हातारा उगाच वेळ खातो. खातो खरा.

आता एक नाजूक विषय. ग्रूप फोटोसाठी सगळ्यांना हाक घातली जाते, आणि तरीही एक बाई येत नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराशी, पदर सावरून उभी असते. ती नवरीची आई असते आणि तिचे कुंकू गेलेले असते. पेडण्याच्या बाजूला एका लग्नात मी मास्तरांबरोबर गेलो होतो. त्या आईने काजूच्या बागांत मजुरी करून मुलीला शिकवले होते. कन्यादान काका-काकूंनी केले, ते रीतीप्रमाणेच. पण फोटोतही तिची जागा काकूनेच घेतली. मास्तरांनी कॅमेऱ्यात वाकून पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, ‘डावी बाजू रिकामी पडते. तोल साधत नाही. त्या दाराजवळच्या बाईंना इकडे पाठवा, पांढरे लुगडे उजेडाला बरे.’ कोणी काही बोलले नाही. लग्नात फोटोग्राफरचा हुकूम वरमाईसुद्धा मानते, कारण त्यात तिला शास्त्र वाटते. ती माउली आली आणि मुलीच्या डाव्या हाताशी उभी राहिली. मास्तरांनी त्या एका जागेवर तीन फोटो खर्च केले. रोलाच्या हिशोबाने ती उधळपट्टीच होती.

मी ही युक्ती त्यांच्याकडून उचलली आणि पुष्कळदा चालवली. प्रत्येक वेळी जमतेच असे नाही. एका ठिकाणी आईनेच हात जोडले, ‘नको बाबा, माझ्यामुळे पुढे काही झाले तर मलाच बोल लागेल.’ तिच्यावर जबरदस्ती करणारा मी कोण? पाठवणीच्या वेळी मागच्या पडवीत दोघी मायलेकी एकट्या सापडल्या, तिथे घेतला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवांवरच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, हे आपण वाचले असेल. ठराव चांगलाच आहे. पण मांडवात माणसे उभी करताना ठरावाचा कागद कोणाच्या हातात नसतो. तिथे कोणीतरी हाक मारावी लागते. आपल्या संस्थेच्या महिला मंडळाने हे काम अंगावर घ्यावे अशी माझी विनंती आहे. फोटोग्राफरला दर वेळी डावी बाजू रिकामी पडते असे किती वर्षे सांगता येईल?

साखरपुड्याचे फोटो हा तर जोखमीचा माल. लग्न सहसा मोडत नाही, सोयरीक मोडते. अशीच एक मोडली. फोटो मुलाकडच्यांनी सांगितले होते, पैसेही त्यांनीच दिले होते. चार दिवसांनी मुलीचे वडील माझ्या दुकानात आले आणि काही न बोलता बसून राहिले. त्यांना निगेटिव्ह हव्या होत्या. त्यांची भीती मला कळत होती. उद्या मुलीला दुसरे स्थळ येईल आणि हे फोटो कोणाच्या तरी हातून कुठेतरी निघतील. आता कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन कोणी फोटो काढवून घेतला आणि वेगळा करार नसला, तर त्याचा पहिला हक्कदार तो सांगणारा. फोटोग्राफर नव्हे, आणि फोटोत दिसणारी मुलगीही नव्हे. म्हणून मी मुलाच्या वडिलांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, आत जाऊन आपल्याकडची पाकिटे आणली आणि म्हणाले, ‘निगेटिव्हबरोबर हेही त्यांच्या हवाली करा. आमच्याही घरात मुली आहेत.’ पुढे त्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले, आणि तिचे वडील त्या दिवशी मला पहिल्या पंगतीला बसवल्याशिवाय राहिले नाहीत.

तेव्हा निगेटिव्ह एकच असे, म्हणून हा व्यवहार सरळ झाला. आज तोच फोटो संध्याकाळपर्यंत दोनशे मोबाइलांत पोचलेला असतो; कोणाकडे जाणार आणि काय परत आणणार? म्हणून दोन्हीकडच्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय मी साखरपुड्याचा एकही फोटो दुकानाच्या काचेत लावीत नाही, आणि ‘इन्स्टाग्राम’वरही घालीत नाही. नव्या मुलांना हे जुनाट वाटते. वाटो.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. गोव्यात जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा चालू असल्यामुळे हिंदू लग्नालासुद्धा नागरी निबंधकापुढे सही लागते. कायद्याच्या दृष्टीने लग्न होते ते त्या टेबलापाशी. म्हणजे खरा लग्नाचा फोटो तो! पण सरकारी कपाटाच्या पार्श्वभूमीवर पेन धरलेल्या नवरीला कोणीही अल्बमच्या पहिल्या पानावर लावलेले मी पाहिलेले नाही.

धंद्याच्या पैशाबद्दल फार बोलत नाही. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. ते चार महिने पासपोर्ट फोटो आणि शाळेचे ग्रूप यांवर चूल पेटवायची. वैशाखात आपल्या देवी लईराईची जत्रा, म्हणून व्रतस्थ धोंडांच्या घरी तेवढे दिवस मांडव नाही. खाणी २०१२ साली बंद पडल्या आणि २०१८ साली पुन्हा बंद पडल्या, तेव्हा ज्यांचे ट्रक दारात उभे राहिले त्यांनी आधी कात्री लावली ती अल्बमला. आणि ते योग्यच होते. माझ्या कपाटात कोणी न्यायला न आलेले अल्बम अजून आहेत. काहींची बाकी राहिली आहे, काहींची माणसे राहिली नाहीत. बाकीचा विचार मी सोडला आहे. ज्यांचे असतील त्यांनी निःसंकोच घेऊन जावेत.

आजचे फोटो वाईट असतात असे मी म्हणणार नाही. कॅमेरा अंधारातही पाहतो, मुली या धंद्यात आल्या आहेत आणि नवरीच्या खोलीत त्या जे टिपतात ते आम्हाला कधी साधलेच नाही. ड्रोनचे मात्र मला फारसे कौतुक नाही. वरून सगळ्या वऱ्हाडाची टकलेच तेवढी दिसतात, आणि जानेवारी २०२३ पासून मोप्याचा विमानतळ चालू झाल्यामुळे पेडण्यात ते उडवण्यापूर्वी नकाशा पाहावा लागतो तो वेगळाच.

खरी काळजी निराळी आहे. आपल्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की निगेटिव्हवरच्या जिलेटिनला बुरशी धरते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो बंद अल्बमातही तांबडे पडत चालले आहेत, कारण त्यांतला निळसर रंग आधी विरतो. चिकट पानांचे प्लास्टिकचे अल्बम सर्वांत घातक. फोटो एकदा चिकटला की सुटत नाही. व्हिडिओ कॅसेटी आहेत, पण त्या चालवणारे यंत्र २०१६ नंतर कोणी बनवीत नाही. उलट ज्याचा हायपो नीट धुऊन काढला आहे असा काळा-पांढरा कागद आजोबांच्या काळापासून तसाच आहे. मोबाइलवरून धाडलेला फोटो वाटेत लहान होतो, आणि त्यातून उद्या कोणाचा चेहरा मोठा करायची वेळ आली तर नाक-डोळे वेगळे दिसणार नाहीत. म्हणून मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर. आणि निदान बारा फोटो कागदावर छापून घ्या. बारा म्हणजे एक रोल.

विश्वस्तांशी बोलून मी एवढे ठरवले आहे : पुढच्या चार रविवारी सकाळी दहापासून मी या सभागृहात कॉपीचा स्टँड आणि दिवे लावून बसेन. ज्यांच्या घरी जुने लग्नाचे फोटो असतील त्यांनी आणावेत. मी नक्कल काढून मूळ तिथल्या तिथे परत करीन. खर्च संस्था सोसणार आहे. येताना घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना बरोबर आणा, कारण मागच्या रांगेतली नावे त्यांनाच ठाऊक आहेत. नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहू, शाईने नको. आणि चिकटलेला फोटो कृपा करून उपटून आणू नका, अल्बमच आणा.