शेंदरी कमानींमागचे भातखाचर



जपानमधील क्योतो नगराच्या दक्षिण भागात २३३ मीटर उंचीचा इनारी पर्वत आहे. त्याच्या पायथ्याशी फुशिमी इनारी ताइशा हे प्राचीन शिंतो देवालय आहे. इ.स. ७११ मध्ये हाता घराण्याने येथे इनारी देवतेची स्थापना केली, असे परंपरा सांगते. इनारी ही भाताची आणि सुगीची देवता. कोल्हा हा तिचा दूत. त्याच्या काही मूर्तींच्या तोंडात धान्यकोठाराची किल्ली दिसते.

पुढे व्यापार वाढला आणि शेतकऱ्यांची ही देवता व्यापाऱ्यांनीही आपली मानली. डोंगरवाटेवरील हजारो शेंदरी कमानी भाविकांनीच अर्पण केल्या आहेत. दात्याचे नाव कमानीच्या मागील बाजूस असते; वर चढताना ते दिसत नाही, उतरताना दिसते.

अनेक प्रवासी कमानींची छायाचित्रे घेऊन परततात. देवालयाचे मर्म मात्र त्याच्या लहानशा भातखाचरात आहे. एप्रिलमध्ये पेरणी, १० जूनला लावणी, २५ ऑक्टोबरला कापणी आणि २३ नोव्हेंबरला नव्या तांदळाचा नैवेद्य, असा क्रम विधिपूर्वक पाळला जातो. वैभव व्यापाराने आले, तरी देवालयाने शेत सोडले नाही.

१४६८ मध्ये ओनिन युद्धात हे देवालय भस्मसात झाले. १४९९ मध्ये मुख्य मंदिर पुन्हा उभे राहिले. कमानींचेही लाकूड कुजते, ते बदलावे लागते. परंपरा केवळ जुन्या लाकडावर टिकत नाही. दरवर्षी कोणीतरी चिखलात उतरून रोप लावावे लागते. ताटातील भात त्या हातांचे ऋण आहे, याचे स्मरण म्हणजेच इनारीची उपासना होय.