निळ्या बालकांचे प्रौढपण

शस्त्रक्रिया पार पडली, मुलाच्या ओठांवरची निळसर छटा गेली, की आईवडील देवापुढे नारळ फोडून निश्चिंत होतात. हा आनंद रास्तच आहे. परंतु त्या मुलाचे तिसाव्या वा चाळिसाव्या वर्षी काय होते, हा प्रश्न फार थोडे विचारतात.

'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' या व्याधीचेच उदाहरण घ्यावे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महारोहिणी त्या छिद्रावर आलेली आणि उजवा कप्पा जाड झालेला, असे चार दोष एकत्र येतात. फॅलो या फ्रेंच वैद्याने १८८८ मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ उपाय सापडला नाही. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोर येथे आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी फुप्फुसाकडे रक्त नेणारी नवी वाट जोडून दिली. कल्पना हेलन टॉसिग यांची होती, तर प्राण्यांवरील प्रयोगांत हे तंत्र सिद्ध केले ते व्हिव्हियन थॉमस यांनी. थॉमस यांच्यापाशी वैद्यकीय पदवी नव्हती. त्यांच्या कार्याची यथोचित दखल पुष्कळ उशिरा घेतली गेली. १९५४ मध्ये वॉल्टन लिलेहाय यांनी एका मोठ्या माणसाच्या रक्ताभिसरणाचा आधार देऊन मुलाचे हृदय उघडले आणि हे दोष प्रथमच पूर्णपणे दुरुस्त केले.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकने आपल्या आरंभीच्या रुग्णांचा दीर्घ मागोवा १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिना पार केलेल्या १६३ जणांपैकी ३२ वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण ८६ टक्के आढळले. सर्वसाधारण लोकांत ते ९६ टक्के अपेक्षित होते. बाराव्या वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण मात्र बरेच कमी होते. उशीर किती महाग पडतो, हे त्यावरून ध्यानी यावे.

उरलेली उणीव कोठून येते? अरुंद वाट रुंद करताना तेथील झडप पुष्कळदा निकामी होते. फुप्फुसाकडे गेलेले रक्त काही अंशी परत फिरते आणि उजवा कप्पा वर्षानुवर्षे हळूहळू ताणला जातो. माणूस शेतात राबतो, संसार करतो, त्याला काहीच जाणवत नाही. मग एके दिवशी धडधड, भोवळ, क्वचित आकस्मिक मृत्यू. वेळेवर तपासणी झाली तर नवी झडप बसवता येते. २००० सालापासून निवडक रुग्णांत ती छाती न उघडता, नळीवाटे बसविण्याची सोयही झाली आहे.

(वरच्या दोन कप्प्यांमधील साधे छिद्र लहानपणीच बुजवले असेल, तर आयुष्य जवळजवळ इतरांसारखेच जाते, सर्वांना एकाच तराजूत तोलू नये.)

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होऊन हृदयदोष वेळीच उघडकीस येऊ लागले. मात्र या कार्यक्रमाची मर्यादा अठरा वर्षांची आहे, आणि झडपेची गळती तर नेमकी त्यापुढेच त्रास देते. या वयात मुलगा नोकरीसाठी गाव सोडतो. मुलीच्या बाबतीत तर छातीवरचा व्रण लग्न जमेपर्यंत लपवला जातो आणि रुग्णालयाचे कागद ट्रंकेच्या तळाशी जातात. पुढे गर्भारपणात हृदयावरचा भार वाढतो, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांना जुन्या शस्त्रक्रियेची वार्ताही नसते. ते कागद तिच्याबरोबर सासरी गेले पाहिजेत, आणि पहिल्याच तपासणीला डॉक्टरांपुढे ठेवले गेले पाहिजेत.